पुढच्या स्टेशनावरचे भावजी

अंबरनाथ (पूर्व)
१२ जून १९८९

हरिचंद्र भावजी यांस,
द्रौपदीचा जयभीम.

सहा वर्षांनी तुम्हाला लिहिते आहे. काम आहे, म्हणून आधी काम सांगते. अंजना बारावी पास झाली, एकसष्ट टक्के. तिला नर्सिंगच्या ट्रेनिंगला जायचं आहे. फॉर्मला जातीचा दाखला लागतो आणि त्याला बापाचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मी कचेरीत सांगून पाहिलं की मुलगी आठ वर्षांची असल्यापासून माझ्याकडे आहे, माझ्या मालकांचे सगळे कागद जपून ठेवलेत, ते चालवून घ्या. कारकून भला माणूस होता. चहाचा कप बाजूला ठेवून बोलला. म्हणाला, "बाई, चुलता नाही चालत. बाप आहे की गेला?" मी म्हटलं, आहे. तर म्हणाला, "मग माणूस नका आणू, कागद आणा."

मलाही तेवढंच हवं आहे.

तुमचा पत्ता आमच्या चाळीतल्या बुधाजींनी दिला. तुम्ही तीन वर्षं त्यांच्याबरोबर जांभूळ गावच्या पाणीपुरवठ्याच्या कामावर आहात आणि बदलापुरात खोली घेऊन राहता, असं ते म्हणाले. मला हे माहीत नव्हतं. आमच्या पुढचंच स्टेशन. बुधाजींना मी विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीत? ते म्हणाले, तुम्ही विचारलं नाहीत.

दाखला रजिस्टरनं पाठवा नाहीतर बुधाजींच्या हाती द्या. स्वतः येऊ नका. तुमच्या भावाचा शब्द तुम्हाला आठवत असेल. ते गेले तरी त्यांचा शब्द या घरात आहे. तुम्ही गुजरातेत आहात आणि पत्ता नाही, असं अंजनाला वाटतं. तसं मीच सांगितलं आहे. आता ती कुठे सरळ मार्गाला लागते आहे, तिला त्यातच राहू द्या.

फॉर्मची मुदत ३० तारखेपर्यंत आहे.

द्रौपदी


बदलापूर
१६ जून १९८९

वहिनींस हरिचंद्रचा जयभीम.

दाखला बुधाजीच्या हाती देतो आहे. अस्सल आहे. परत नको, अंजनाच्या कागदात राहू द्या. मला आता कुठे लागणार.

एकसष्ट टक्के वाचून मी पत्र तीनदा वाचलं. आपल्या घरात दादा नववीपर्यंत गेला, मी सातवी. तिची आई जिजा तर अंगठाच होती. पोरगी कुणावर गेली? तुमच्यावरच म्हणायची. तुम्ही तिशीत पाटी घेतली होती. दादा पेपरातली मोठी अक्षरं दाखवायचा आणि तुम्ही तव्यावर भाकरी ठेवून वाचायचात, मी हसायचो. आज तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

वहिनी, मी पीत नाही. तीन वर्षं होऊन गेली. हे सांगायला मला तोंड नाही, पण तुम्हाला कळलं पाहिजे म्हणून लिहिलं.

एक मागणं आहे. अंजनाला एकदा बघू द्या. बोलणार नाही. ती कुठल्या गल्लीने जाते तेवढं सांगा, मी समोरच्या बाजूला उभा राहीन. ती ओळखणार नाही. माझे केस पांढरे झाले.

दादाचा शब्द मला आठवतो. तुम्ही सांगितल्याशिवाय येणार नाही.

हरिचंद्र


अंबरनाथ (पूर्व)
९ जुलै १९८९

हरिचंद्र भावजी यांस,

दाखला मिळाला. जातीचा दाखलाही निघाला. तुमचे उपकार झाले असं लिहायला हात चालत नाही, पण काम झालं हे खरं.

तुम्ही मागितलं ते देता येणार नाही. का, ते लिहिते, म्हणजे तुम्ही पुन्हा विचारणार नाही.

जिजाला कावीळ झाली तेव्हा ती अकरा दिवस माझ्याकडे होती. शेवटचे दोन दिवस ती दाराकडे तोंड करून पडून होती. तुमचे भाऊ सिंध्यांच्या वसाहतीत, कॅम्प एकच्या सगळ्या गुत्त्यांवर तुम्हाला शोधत फिरले. सापडलात तेव्हा आम्ही तिला पोचवून परत आलो होतो. त्या दिवशी तुम्ही तिच्या फोटोपुढे पंचशील घेतलं, पाचवं, दारू न पिण्याचं, मोठ्याने म्हटलंत, आणि तेरा दिवस टिकलं. हे सगळं अंजनाने पाहिलं आहे. आठ वर्षांची पोर सगळं बघते.

आता तीन वर्षं पीत नाही म्हणता. मी खोटं म्हणत नाही. पण आमच्या वाचनालयात मला एक पुस्तक मिळालं. मनाच्या शास्त्रावरचं आहे, मराठीत केलेलं. निम्मं कळतं, निम्मं पुन्हा वाचते. त्यात लिहिलं आहे की माणसाचा स्वभाव तिशीपर्यंत घट्ट होतो, मडकं भाजावं तसा. पुढे संसार बदलतो, नोकरी बदलते, माणूस आतून तोच राहतो. मला ते पटलं. मी स्वतःकडे बघते ना. तुमचे भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. सकाळी अजून मी पावणेसहाला उठते, त्यांची पहिली पाळी असायची म्हणून. डबा कुणाला द्यायचा नसतो. उठून बसते आणि उजाडायची वाट बघते.

दिवस जातो. कॅम्पातल्या ईश्वरीबाई म्हणून एक सिंधी बाई आहेत, त्यांच्याकडून जीनच्या पँटींचं काम आणते. मशीन बटणं लावतं, धागे मात्र हातानेच कापावे लागतात. त्या मला भाभी म्हणतात आणि गठ्ठ्यावर दोन पापड ठेवतात. रखमा शेजारीण म्हणते, "द्रौपदे, तुझ्या कात्रीपेक्षा तुझी जीभ कमी चालते." ते खरं आहे. बोलायला अंजना, आणि ती आता होस्टेलला जाईल.

तुमची एक गोष्ट मात्र मी कधी विसरले नाही. विहारात आपण सगळे पंचशील म्हणायचो. तुमचा आवाज शंभरात कळायचा. हत्या करणार नाही, चोरी करणार नाही, सगळं खणखणीत. पाचवं आलं, दारूचं, की तुम्ही गप्प. लोक हसायचे. तुमचे भाऊ मान खाली घालायचे. मला वाटायचं, पितो तर पितो, पण उभं राहून खोटं तरी म्हणत नाही. जिजाच्या फोटोपुढे मात्र म्हणालात. ते मला जास्त लागलं.

तेव्हा आता यापुढे नको.

द्रौपदी


बदलापूर
३ सप्टेंबर १९८९

वहिनींस जयभीम.

दोन महिने तुमचं पत्र खिशात होतं. पुस्तकात काय लिहिलं आहे ते मला माहीत नाही. तुम्ही वाचलं म्हणजे बरोबर असेल. मी बदललो असं मी म्हटलेलं नाही, पीत नाही एवढंच म्हटलं. काय घडलं म्हणून सोडली, असं लोक विचारतात. त्यांना गोष्ट हवी असते. साधू भेटला, स्वप्न पडलं, असं काही. तसं काही घडलं नाही. बुधाजीने मला कामाला लावलं. पहिल्या दिवशी सकाळी सहाला जुना माणूस पाळी संपवून निघाला, त्याने व्हॉल्व्हची मोठी चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "दुसरा येईपर्यंत सोडून जायचं नाही." एवढंच. मला कित्येक वर्षांत कुणी काही हातात दिलं नव्हतं. उलट माझ्या हातातलं काढून घ्यायचे. मी दुपारी दोनपर्यंत तिथून हललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

व्हॉल्व्ह एकदम फिरवायचा नसतो. एकदम बंद केला तर पाणी पाइपाला आतून हाणतं, जोड फुटतात. चार आटे फिरवायचे, थांबायचं, ऐकायचं, मग पुढचे. मी नवीन होतो तेव्हा जोर करायचो. आता कानाने कळतं.

तुम्ही अंजनाला दाखवू नका. पण तुम्ही तरी एकदा बघून जा. चौदा ऑक्टोबरला आमच्या इथल्या विहारात कार्यक्रम आहे. पूर्वेला, बाजाराच्या मागे. मला भेटू नका, बोलू नका. मी तिथे पाणी द्यायला असतो. बघा आणि जा. मग जे ठरवाल ते.

अंजना होस्टेलला गेली का? बुधाजीला विचारलं असतं, पण तो म्हणतो वहिनीलाच विचार.

हरिचंद्र


अंबरनाथ (पूर्व)
१६ ऑक्टोबर १९८९

हरिचंद्र भावजी,

मी आले होते. घरून निघताना मनात होतं की दिसलं तसं सांगेन, मागचं धरून बसणार नाही.

तुम्ही पाणी देत होतात. शर्ट धुतलेला होता. हात कापत नव्हता, ते मी बघितलं. एका म्हातारीचा पेला पडला तर तुम्ही वाकून फडक्याने पुसलंत आणि तिला दुसरा दिलात. मी तुमच्या भावाला मनात म्हटलं, बघा.

मग पंचशील सुरू झालं. चार शीलं तुमचा आवाज पहिल्यासारखा. पाचव्याला तुम्ही गप्प.

माझ्या शेजारी कुणाला कळलंही नाही. मला कळलं. तुमच्यात एवढाच एक खरेपणा होता आणि त्यानेच मला सांगितलं, अजून पिता म्हणून. तीन वर्षांचं पत्रात लिहिणं सोपं असतं.

मी जेवायला थांबले नाही. अंजना ठाण्याला होस्टेलवर आहे, रविवारी येते. तिला काही कळणार नाही. आता पत्र पाठवू नका.

द्रौपदी


बदलापूर
१० जानेवारी १९९०

वहिनींस हरिचंद्रचा जयभीम.

लिहू नका म्हणाला होतात. तीन महिने लिहिलं नाही. आता लिहावं लागतं आहे.

रविवारी अंजना आली.

मी तिला बोलावलं नाही. तुम्हाला वाटेल बुधाजीने सांगितलं. त्यानेही नाही. दाखल्याच्या पाठीमागे मी पेन्सिलीने माझा पत्ता लिहून ठेवला होता, कुठे पडला तर परत मिळावा म्हणून. होस्टेलमध्ये कागद तपासले तेव्हा तिने तो वाचला. तुम्हाला देताना खोडला नाही. विसरलो की मुद्दाम ठेवला, आता मलाच सांगता येत नाही.

दारात उभी राहिली. मी तांदूळ निवडत होतो. ओळखलं नाही असं कसं म्हणू, जिजाच उभी होती. बस म्हटलं, बसली नाही. खोली बघितली. कोपऱ्यातली व्हॉल्व्हची जुनी मोडकी चावी बघितली. मग तिने एकच विचारलं. "गाडीने सहा मिनिटांवर होतात. आलात का नाही?"

वहिनी, मी तिला सांगितलं की वहिनीने पुष्कळदा बोलावलं. दोनदा निरोप धाडला, एकदा स्वतः येऊन गेली. मीच आलो नाही. लाज वाटत होती.

ती म्हणाली, "बरं." आणि गेली. पाणीही घेतलं नाही. मी तिच्या मागे गेलो नाही.

तुम्ही तसंच चालू द्या. ती माझ्यावर चिडली तर काय बिघडतं, तिला सवय आहे. तुमच्यावर चिडली तर तिला कोण राहिलं? आणि तुम्हाला? तुम्ही अकरा वर्षं सांभाळलीत. बघितली ती मला पुरली.

आता ऑक्टोबरचं. त्या दिवशी तुम्ही बायकांत दुसऱ्या ओळीत होतात, पांढरं लुगडं, निळा काठ. मी बघितलं होतं. तुम्ही माझंच ऐकत आहात हेही कळलं होतं. पाचवं म्हटलं असतं तर अंजना भेटली असती. एवढं मला समजत होतं.

तोंडातून आलं नाही. मी पितो म्हणून गप्प राहिलो नव्हतो. जिजाच्या फोटोपुढे म्हटलं होतं आणि तेरा दिवसांत मोडलं होतं. तेव्हापासून ते माझ्याच्याने म्हणवत नाही. इथल्या भन्तेंना एकदा सांगितलं. ते म्हणाले, म्हण, म्हटल्याने बळ येतं. मला तसं होत नाही. मी उद्याचं बोललो की मोडतं. म्हणून बोलत नाही. आज नाही प्यायलो, एवढंच रोज करतो. या पावसाळ्यात चार वर्षं होतील.

तुम्हाला खरं वाटावं म्हणून लिहिलेलं नाही. तुम्ही त्या दिवशी न जेवता गेलात, ते मनात राहिलं होतं.

दादा माझ्यावर रागावून गेला. तेवढं एक मला आता बदलता येत नाही. बाकी ठीक आहे.

हरिचंद्र


अंबरनाथ (पूर्व)
१२ फेब्रुवारी १९९०

हरिचंद्र भावजी यांस,
द्रौपदीचा जयभीम.

तुमचं पत्र तेरा जानेवारीला, शनिवारी मिळालं आणि दुसऱ्या दिवशी अंजना घरी आली. केळी घेऊन आली होती. माझ्या मागे बसून माझ्या डोक्याला तेल लावलं. लावता लावता म्हणाली, "मोठी आई, मी त्या माणसाला बघून आले." मग तुम्ही जे सांगितलंत ते सगळं तिने मला सांगितलं. तू स्वतः गेलीस तरी आला नाही, असला बाप, म्हणाली. आणि माझ्या पाठीला गाल लावून बसली. लहानपणी बसायची तशी.

मी तिला खरं सांगितलं नाही. तो रविवार मी घेतला. तुम्हाला खरं सांगते, फार गोड गेला.

नंतरचा आठवडा मात्र काम होईना. धागा कापायच्या जागी मी एका पँटीची शिवण कापली. ईश्वरीबाईंना नेऊन दाखवली, म्हटलं भरपाई कापून घ्या. त्या म्हणाल्या, "भाभी, तबियत ठीक नहीं लगती," आणि गठ्ठा तसाच परत दिला, म्हणाल्या दोन दिवस आराम करा. खोलीत येऊन मी तुमची सगळी पत्रं पुन्हा वाचली. माझी मला पाठ होती.

पुढच्या रविवारी, एकवीस तारखेला, सांगितलं. ती भांडी पुसत होती.

मी म्हटलं, "अंजना, मी त्यांना कधी बोलावलं नव्हतं."

"म्हणजे?"

"एकदाही नाही. उलट येऊ नका म्हणून लिहिलं. ते माझ्यासाठी खोटं बोलले."

ती पुसत राहिली. मग म्हणाली, "मोठ्या बाबांनी सांगितलं होतं ना, त्यांना घरात घ्यायचं नाही म्हणून."

भावजी, आता पुढचं तुम्ही बसून वाचा. हे मी तिला त्या दिवशी सांगितलं आणि तुम्हाला आज सांगते. ज्यांना पहिलं सांगायचं त्यांना उशिरा सांगते आहे.

तो शब्द तुमच्या भावाचा नव्हता.

त्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं होतं, ते खरं. जिजा गेल्यावर म्हणाले होते, शुद्धीवर आलास की ये. पाय ठेवू नकोस असं ते कधी म्हणाले नाहीत. उलट एप्रिलमध्ये, ते गेले त्या दिवशी दुपारी, त्यांना थोडं बरं वाटलं होतं. मी पेज भरवत होते. दोन चमचे घेतले आणि म्हणाले, "हरीला निरोप धाड. असेल तसा येऊ दे." मी हो म्हटलं. बुधाजी तेव्हा बाहेर ओट्यावरच बसले होते. मी बाहेर जाऊन त्यांना पाणी दिलं, निरोप दिला नाही. संध्याकाळी हे गेले.

तुम्ही तिसऱ्या दिवशी कुणाकडून कळून आलात. प्यायलेले होतात. मी दारात आडवी झाले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, तुमच्या भावाचा शब्द आहे, या उंबऱ्याला पाय लागायचा नाही. ते वाक्य मी दोन दिवस मनात तयार करून ठेवलं होतं. तुम्ही प्यायलेले नसतात तरी तेच म्हणाले असते. तुम्ही ओट्यावरून उतरलात, वळून फोटोकडे बघितलंत आणि हात जोडलेत. सहा वर्षं पावणेसहाला उठून बसते तेव्हा मला तेच दिसतं. मी तुम्हाला लिहिलं होतं की सवय म्हणून उठते. तेही अर्धंच खरं होतं.

तुमचे भाऊ तुमच्यावर रागावून गेले नाहीत. तुमचं नाव घेऊन गेले.

अंजनाने विचारलं, "का नाही धाडला?" माझ्याजवळ उत्तरं होती. जिजाची होती, गुत्त्यांची होती, सगळी खरी होती. तोंडातून आलं ते निराळंच. मी म्हटलं, "ते आले असते तर तू गेली असतीस."

तिने ताट खाली ठेवलं. "मी तेव्हा बारा वर्षांची होते, मोठी आई. कुठे गेले असते?"

मग पिशवी घेतली. चपला घातल्या. शेगडीवर दूध होतं, ते वर आलं होतं. ती चपलांसकट आत आली, दूध उतरवलं, त्यावर ताटली ठेवली आणि गेली.

तीन रविवार झाले. आलेली नाही. होस्टेलवर चिठ्ठी पाठवली, उत्तर नाही. रखमा विचारते, पोरीला परीक्षा आहे का? मी हो म्हणते. तुमच्याकडे आली असेल तर तसं मला कळवायची गरज नाही. जेवते का आणि तिचा खोकला गेला का, एवढंच कळवा. रागावली की ती जेवत नाही, आणि तिला जेव म्हणायचं नसतं. ताट वाढून आपण दुसऱ्या कामाला लागायचं. मग खाते.

ते पुस्तक मी परत केलं. खोटं आहे म्हणून नाही. तुम्ही दारू सोडलीत आणि तरी पाचव्याला गप्पच राहता, तेव्हा तुमच्या बाबतीत लेखक चुकला की बरोबर निघाला, ते मला ठरवता येईना. माझ्या बाबतीत मी ते पुस्तक मुद्दाम धरून ठेवलं होतं. माणूस बदलत नाही असं छापलेलं मिळालं की दार उघडावं लागत नाही. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. यापूर्वी मी कुणाला माझं चुकलं असं म्हटलेलं नाही, तुमच्या भावालाही नाही. ते हसून म्हणायचे, द्रौपदी चुकत नाही, चुकीचा दिवस उगवतो. तुम्हाला म्हणते. माझं चुकलं.

माफी लगेच देऊ नका. तुम्हीच लिहिलं होतं, चार आटे फिरवून थांबायचं.

अंजना येईल की नाही, मला माहीत नाही. तिच्यासाठी म्हणून हे लिहीत नाही, आणि तुम्ही आलात म्हणून ती येईल असंही मनात नाही. घरात मी एकटीच असेन.

तुमची पाळी नसेल त्या रविवारी या. अकराच्या सुमाराला या. तेव्हा नळाला पाणी येतं आणि सगळी चाळ बाहेर असते. मी तुम्हाला त्यांच्यादेखत परत पाठवलं होतं. त्यांच्यादेखतच आत या.

द्रौपदी